देवीचा शेवटचा बळी

शाळेतल्या एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाला बाही वर करायला सांगा. बीसीजीच्या लहानशा खुणेखेरीज हातावर एक-दोन मोठे, गोल, किंचित खोलगट वण दिसले, तर ती 'देवी काढल्याची' खूण समजावी. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातावर ती नाही, कारण आता देवी काढण्याची गरज उरलेली नाही. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. नैसर्गिकरीत्या लागण झालेला जगातला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातल्या मर्का गावी आढळला. अली माओ मालिन हा इस्पितळात स्वयंपाकी होता आणि तो बरा झाला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट साधारण इथे संपते. पण या तारखा नीट पाहिल्या, तर १९७७ आणि १९८० यांच्या मधे एक जागा रिकामी दिसते. त्या जागेत देवीने आणखी एक बळी घेतला. ही घटना ना आफ्रिकेतल्या खेड्यात घडली, ना आशियातल्या गर्दीच्या वस्तीत. ती घडली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. दगावलेली व्यक्ती शास्त्रज्ञ नव्हती आणि देवीच्या विषाणूशी तिच्या कामाचा काहीही संबंध नव्हता. आम्हाला ही घटना शिक्षकांपुढे मांडाविशी वाटते ती याच कारणासाठी.

ऑगस्ट १९७८

जॅनेट पार्कर तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात त्या छायाचित्रकार होत्या. अध्यापनासाठी आणि संशोधनासाठी लागणारी छायाचित्रे काढायची, ती डार्करूममध्ये धुवायची, सामान संपत आले की पुरवठादारांना फोन करून मागवायचे, असे त्यांचे काम.

११ ऑगस्टला त्यांना अंगदुखी आणि डोकेदुखी सुरू झाली. पुढे अंगावर पुरळ उठले. कांजिण्या असाव्यात किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असावी, असे आधी वाटले. यात डॉक्टरांना फार दोष देता येणार नाही. ज्या देशातून हा रोग केव्हाच हटला होता आणि जो जगातूनही गेल्यासारखा होता, तो समोर उभा आहे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. २४ ऑगस्टला पार्कर यांना पूर्व बर्मिंगहॅम इस्पितळात दाखल केले. तिथे संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ अ‍ॅलेस्टर गेडिस यांना शंका आली. फोडांतल्या द्रवाचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला. त्यात देवीच्या गटातल्या विषाणूंचे, विटेच्या आकाराचे कण दिसले. नमुना पाहणाऱ्यांमध्ये प्राध्यापक हेन्री बेडसन होते. पार्कर ज्या इमारतीत काम करत, तिच्यातच खालच्या मजल्यावर त्यांची देवीच्या विषाणूची प्रयोगशाळा होती. विषाणू कुठून आला असेल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पार्कर यांना त्याच रात्री शहराबाहेरच्या विलगीकरण रुग्णालयात हलवले. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध सुरू झाला, पाचशेहून अधिक लोकांना लस टोचली गेली, अनेकांना घरात बसवून ठेवले गेले. त्यांचे वडील विलगीकरणात असतानाच हृदयक्रिया बंद पडून गेले. आईलाही देवी झाली, पण सौम्य, आणि त्या वाचल्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेडसन यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. ११ सप्टेंबरला जॅनेट पार्कर यांचा मृत्यू झाला. आजवरच्या नोंदींप्रमाणे देवीने मेलेली ती जगातली शेवटची व्यक्ती.

खालच्या मजल्यावर काय चालले होते?

ही गोष्ट सांगताना बेडसन यांना बेफिकीर शास्त्रज्ञ म्हणून रंगवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ते या विषयातले मान्यवर तज्ज्ञ होते आणि देवी निर्मूलनाच्या जागतिक कामात त्यांचा सहभाग होता. त्यांचे संशोधनही त्या दृष्टीने महत्त्वाचे होते. माकडांसारख्या प्राण्यांत देवीशी जवळचे नाते असणारे विषाणू सापडत होते. असा एखादा विषाणू बदलून पुन्हा माणसात देवी आणू शकेल का? उत्तर 'हो' असते, तर निर्मूलनाच्या साऱ्या खटाटोपावर पाणी पडले असते.

पण जागतिक आरोग्य संघटनेला देवीचा विषाणू शक्य तितक्या कमी ठिकाणी ठेवायचा होता. बर्मिंगहॅमची प्रयोगशाळा संघटनेच्या निकषांत बसत नव्हती. १९७८ च्या अखेरीस तिथले देवीचे काम बंद व्हायचे ठरले. हाती थोडे महिने उरले, तसा कामाचा वेग वाढला. अपघातानंतर प्राध्यापक शूटर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. काम दरवर्षी कमी होत आहे असे संघटनेला कळवले जात होते, प्रत्यक्षात ते वाढले होते, असे त्या चौकशीत आढळले. काही साहाय्यकांना या कामाचे खास प्रशिक्षणही मिळालेले नव्हते.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. तपासणी करणारे तिथे गेलेच नव्हते असे नाही. घातक रोगजंतूंच्या कामावर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश सल्लागार मंडळाचे लोक दोन वेळा येऊन गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेचे तपासनीसही येऊन गेले. जागेत उणिवा आहेत, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. तरी काम चालू ठेवायला हरकत घेतली गेली नाही. आम्हाला यात एक ओळखीची सवय दिसते: माणूस नावाजलेला आहे, अनुभवी आहे, तो सांभाळून घेईल! विश्वास माणसावर टाकला गेला आणि तपासायची होती ती खोली तशीच राहिली. माणूस कितीही कुशल असो, हवेचा झोत त्याची पदवी पाहून दिशा बदलत नाही.

दिवसांचा हिशेब

विषाणू पार्कर यांच्यापर्यंत पोचला कसा? हा तपास वर्गात करून पाहण्याजोगा आहे.

देवीची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण ७ ते १९ दिवस लागतात. पार्कर ११ ऑगस्टला आजारी पडल्या. तिथून मागे मोजले, तर लागण २३ जुलै ते ४ ऑगस्ट यांच्या दरम्यान केव्हातरी झाली असली पाहिजे. त्यांच्या शरीरातला विषाणू 'आबिद' नावाच्या वाणाशी जुळला. १९७० साली पाकिस्तानातल्या आबिद नावाच्या तीन वर्षांच्या रुग्ण मुलाकडून तो मिळाला होता. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत पाहिले, तर २४ आणि २५ जुलैला याच वाणावर काम झालेले होते.

२५ जुलैला पार्कर काय करत होत्या? विद्यापीठाचे आर्थिक वर्ष ३१ जुलैला संपत असे. आपल्याकडच्या मार्चअखेरीसारखीच ती घाई! अनुदान परत जाण्याआधी सामान मागवायचे म्हणून त्या बराच वेळ टेलिफोनच्या खोलीत बसून फोन करत होत्या. खालच्या प्रयोगशाळेतून वर जाणारी एक डक्ट, म्हणजे नळ आणि तारा नेण्यासाठी ठेवलेली पोकळी, या खोलीपर्यंत पोचत होती. प्रयोगशाळेत सुरक्षा-कपाटाबाहेर झालेल्या कामातून हवेत उडालेले सूक्ष्म थेंब या पोकळीतून वर गेले असावेत, असा चौकशी समितीचा कल होता.

'असावेत' हा शब्द महत्त्वाचा आहे. समितीने तीन वाटा शक्य मानल्या होत्या: हवा, माणसामाणसातला संपर्क आणि दूषित झालेली वस्तू किंवा कागद. तिन्हींपैकी एकही पूर्णपणे सिद्ध झाली नाही. विषाणू त्या प्रयोगशाळेतला होता, याबद्दल मात्र समितीला शंका नव्हती.

आणखी एक तपशील आहे. पार्कर यांना १९६६ मध्ये देवीची लस टोचलेली होती. पण लशीचे संरक्षण काही वर्षांनी ओसरते. विषाणूवर काम करणारे पुन्हा पुन्हा लस घेत असत. वरच्या मजल्यावर फोटो धुणाऱ्या बाईंना तशी गरज आहे, असे कुणी धरले नव्हते.

हे पहिल्यांदा घडत नव्हते

१९६६ मध्ये याच वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका छायाचित्रकाराला देवीची लागण झाली होती. त्यांचीही कामाची जागा हीच. तेव्हाचा प्रकार सौम्य देवीचा होता. त्यामुळे रोग उशिरा ओळखला गेला, परिसरात आणखी काही जणांना झाला, पण कुणी दगावले नाही. त्या लागणीचा उगम शोधण्यासाठी रीतसर चौकशी झाल्याची नोंद नाही. बारा वर्षांनी तीच जागा, तेच काम, फक्त माणूस वेगळा!

१९७३ मध्ये लंडनच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या नामांकित संस्थेत एक तरुण साहाय्यक, कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेला देवीचा विषाणू काढला जात असताना, ते पाहत जवळ उभी होती. तिला लागण झाली. रोग ओळखला जाण्यापूर्वी ती सर्वसाधारण वॉर्डात होती. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला भेटायला आलेल्या दोघांना तिच्याकडून देवी झाली आणि ते दोघेही मेले. साहाय्यक वाचली.

या तीनही घटना शेजारी ठेवून पाहा. विषाणू हाताळणारा शास्त्रज्ञ एकाही घटनेत आजारी पडलेला नाही. त्याला धोका ठाऊक होता, त्याने लस घेतली होती, त्याचा हात सरावलेला होता. रोग झाला तो छायाचित्रकाराला, बघणाऱ्या साहाय्यकाला, शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या पाहुण्यांना. प्रयोगशाळेची सुरक्षा म्हणजे प्रयोग करणाऱ्याची सुरक्षा, एवढाच अर्थ घेतला तर ही माणसे हिशेबात येतच नाहीत.

कारखाना आणि विद्यापीठ

असे का झाले, याचे एक उत्तर कायद्याच्या इतिहासात सापडते. इंग्लंडमध्ये कामगारांच्या सुरक्षेचे कायदे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होत गेले. कापडगिरण्या झाल्या, मग खाणी, मग इतर कारखाने. प्रत्येक कायदा एकेका प्रकारच्या जागेसाठी. जिथे यंत्रे धडधडतात, जिथे हात तुटतात, ती 'कामाची जागा'. विद्यापीठ म्हणजे ज्ञानाची जागा! तिथे आम्ले असतात, जंतू असतात, किरणोत्सारी पदार्थ असतात आणि त्यांच्या आजूबाजूला सफाई कामगार, सुतार, टंकलेखक, छायाचित्रकारही असतात. पण कारखान्यांचे कायदे या आवारात लागू नव्हते.

१९७० मध्ये लॉर्ड रोबेन्स यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला आणि त्यातून १९७४ चा कामाच्या जागेवरील आरोग्य आणि सुरक्षा कायदा झाला. या कायद्याने प्रश्नच वेगळ्या पद्धतीने मांडला. जागा कारखाना आहे का, हे विचारायचे नाही. कुणी कुणाला कामाला ठेवले आहे का, एवढे विचारायचे. ठेवले असेल तर त्याची सुरक्षा, शक्य असेल तितकी, मालकाने पाहायची. एवढेच नव्हे, तर नोकरीत नसलेल्या पण त्या कामामुळे धोक्यात येऊ शकणाऱ्या लोकांचीही काळजी घ्यायची. शाळा, इस्पितळे आणि विद्यापीठे या कायद्याच्या कक्षेत आली.

म्हणजे १९७८ मध्ये कायदा होता. पण शतकभराची सवय चार वर्षांत जात नाही. कर्मचारी संघटनांना आपले सुरक्षा प्रतिनिधी नेमण्याचा, जागेची पाहणी करण्याचा आणि माहिती मागण्याचा हक्क देणारे नियम १९७७ मध्ये तयार झाले. ते अमलात आले १ ऑक्टोबर १९७८ रोजी. तेव्हा जॅनेट पार्कर यांना जाऊन तीन आठवडे होत होते.

न्यायालयात

सरकारी सुरक्षा यंत्रणेने १९७४ च्या कायद्याखाली बर्मिंगहॅम विद्यापीठावर खटला भरला. १९७९ मध्ये तो चालला आणि विद्यापीठ निर्दोष सुटले. विषाणू डक्टमधूनच वर गेला, हे फिर्यादीला निःसंशय सिद्ध करता आले नाही. हवेतून इतक्या अंतरावर देवी पसरूच शकत नाही, असा बचाव पक्षाचा मुद्दा होता. शूटर समितीचा अहवाल कर्मचारी संघटनेने आधीच वर्तमानपत्रांपर्यंत पोचवला होता. अधिकृतपणे तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. पार्कर यांच्या पतीला पुढे नुकसानभरपाई मिळाली, तीही संघटनेने दावा लावून धरल्यावर.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी या निकालापाशी थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. न्यायालयाने पुरावा मागितला, ते योग्यच होते. शिक्षा करायची तर पुरावा हवाच. पण सुरक्षेचा नियम शिक्षेच्या नियमाहून वेगळा असतो. डक्टमधून विषाणू वर जाऊ 'शकतो' एवढी शंका ती बुजवायला पुरेशी असते. विषाणू प्रत्यक्ष वर गेल्याचा पुरावा मिळेपर्यंत थांबायचे, तर तो पुरावा कुणाच्या तरी शरीरातच मिळणार.

या घटनेनंतर देवीचा विषाणू बाळगणाऱ्या प्रयोगशाळांनी आपले साठे झपाट्याने नष्ट केले किंवा सोपवून दिले. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अधिकृत साठे दोनच जागी उरले: अमेरिकेत अटलांटा आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघात मॉस्को. मॉस्कोतला साठा १९९४ मध्ये सायबेरियातल्या कोल्त्सोवोला हलवला गेला.

दिल्लीतले एक जुने उपकरण

इंग्लंडची आणि पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून ही बाजूला ठेवता येत नाही. आपल्या देशातही, विषाणूऐवजी किरणोत्सार असलेली, अशीच एक घटना घडलेली आहे.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरणांचे एक परदेशी उपकरण होते. त्यात शिशाच्या जाड कवचाआड कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी मूलद्रव्य होते. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. माणसे बदलली, उपकरण कोपऱ्यात पडून राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने जुन्या सामानाच्या लिलावात ते विकून टाकले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. शिसे विकता येते, म्हणून ते वेगळे केले गेले. आतल्या चकाकत्या तुकड्यांविषयी तिथे कुणाला काय माहीत असणार? एप्रिलमध्ये भंगारात काम करणारी माणसे आजारी पडू लागली. त्यांची त्वचा काळवंडली, केस गळले. त्यांतला एक जण मरण पावला. मग अणुऊर्जा नियामक मंडळाने विद्यापीठाकडे खुलासा मागितला.

कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल सुमारे ५.२७ वर्षे आहे. उपकरण बंद पडल्यापासून २५ वर्षे गेली, म्हणजे जवळजवळ पावणेपाच अर्धायुष्ये. हिशेब केला तर १९८५ मधल्या किरणोत्सारापैकी सुमारे सत्ताविसावा भाग उरला होता. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घाला. उत्तर लहान दिसेल, पण तेवढाही किरणोत्सार माणसाचा जीव घ्यायला पुरला, हे मग सांगा. बर्मिंगहॅममध्ये धोका एक मजला वर चढला. इथे तो लिलावाची पावती घेऊन फाटकातून बाहेर पडला.

आपल्या शाळेची भिंत

शाळेत देवीचा विषाणू नसतो, कोबाल्टही नसते. पण भिंतीपलीकडचा माणूस असतोच. किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड तयार करताना आपण खिडक्या उघडतो. त्या खिडक्यांखाली कोण बसते? वर्ग संपल्यावर बेसिनमध्ये ओतलेले आम्ल कुठल्या मोरीतून जाते आणि ती मोरी तुंबली की हात कोण घालते? थर्मामीटर फुटला तर पारा फरशीच्या फटीत जातो, त्याची वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दारे-खिडक्या बंद असलेल्या त्या खोलीत झाडू घेऊन पहिल्यांदा कोण शिरते? लेबल गळून पडलेल्या बाटल्या वर्षअखेरीस कुणाच्या हाती देऊन 'टाकून ये' म्हणतो?

यासाठी एक तासाचा उपक्रम सुचवावासा वाटतो. नववी-दहावीच्या मुलांकडून प्रयोगशाळेचा नकाशा काढून घ्या. त्यात दारे, खिडक्या, नळ, मोरी, कचऱ्याची टोपली आणि कपाटे दाखवा. मग प्रत्येक ठिकाणाहून बाहेर बाण काढा. हवा कुठे जाते, पाणी कुठे जाते, कचरा कुठे जातो? प्रत्येक बाणाच्या टोकाशी कोण माणूस आहे, त्याचे नाव लिहा. पद नको, नाव लिहा. शेवटी त्या माणसांना विचारून या: इथे काय असते, हे तुम्हाला कुणी सांगितले आहे का? काही सांडले तर काय करायचे, ठाऊक आहे का?

या प्रश्नांची उत्तरे बहुतेक ठिकाणी 'नाही' येतील. तसे झाले तर मुलांनीच सोप्या मराठीत दोन-चार सूचना लिहून त्या माणसांना वाचून दाखवाव्यात. पारा सांडला तर झाडू मारू नये, खिडक्या उघडून खोलीबाहेर पडावे आणि शिक्षकांना बोलवावे. बिनलेबलाची बाटली उघडू नये, हुंगू नये. गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नये. खर्च काहीच नाही. प्रयोगशाळेत काय चालले आहे हे जाणून घेण्याचा हक्क शिपायाला आणि सफाई करणाऱ्या बाईंनाही आहे, एवढे आधी मान्य करावे लागते.